एका सुरमईपायी ग्रीक

साठीला दोन वर्षं उरलेली बाई ग्रीक शिकायला बसते तेव्हा लोकांना वाटतं, परदेशातल्या नातवासाठी शिकतेय. मीही सगळ्यांना तेच सांगत होते. ऐकायला बरं वाटतं. खरं कारण मासळीबाजारातलं होतं आणि सात वर्षं जुनं होतं.

माझी एकुलती एक मुलगी मुंबईत जहाजांच्या कंपनीत नोकरीला होती. कंपनीने तिला ग्रीसला पाठवलं आणि तिथे तिने आपलं लग्न आपणच ठरवलं. माझी त्याला हरकत नव्हती. मुलगा कामसू होता, शिवाय जेवणाला नावं ठेवत नव्हता. लग्न रत्नागिरीत व्हायला हवं, एवढी एकच अट मी घातली. ती त्यांनी एका शब्दात मान्य केली. माझ्या आयुष्यात कोणी माझी अट पहिल्या फटक्यात मान्य केली नव्हती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

लग्नाच्या चार दिवस आधी विहीणबाई आल्या. माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच विधवा, ठेंगण्या, अंगात काळा झगा आणि हातात कापडी पिशवी. त्यांना बाजार बघायचा होता. मी त्यांना मिरकरवाड्याला मासळीबाजारात घेऊन गेले. तिथे मला सगळे ओळखतात, आणि मी भाव कसा करते तेही सगळ्यांना ठाऊक आहे. विहिणीला जरा दाखवावं, असं माझ्या मनात होतं. खोटं कशाला बोलू?

भाव करण्याची आमची एक रीत आहे. मासळीवाली भाव सांगते. आपण त्याच्या निम्मा सांगायचा. ती आपल्या माहेराचा उद्धार करते. मग आपण पदर सारखा करून चालू लागायचं. चार पावलं. पहिलं पाऊल रागाचं, दुसरं त्याहून रागाचं, तिसरं जरा हळू, म्हणजे तिला विचार करायला वेळ मिळतो. चौथ्याला पाठीमागून हाक येते, "ओ वयनी, या हिकडं!" हाक आली की भाव उतरला. यात कोणी रागावलेलं नसतं. हाक न मारणारी मासळीवाली आणि न चालणारं गिऱ्हाईक, दोघींनाही बाजारात कोणी मोजत नाही.

त्या दिवशी एक सुरमई होती. तिच्याकडे बघूनच कळत होतं की ही आपल्याकडे येणार. मी निम्मा भाव सांगितला, बाईने माझं माहेर काढलं, मी चालू लागले. चौथ्या पावलाला हाक आली नाही. बरोबर परदेशी पाहुणी आहे म्हणताना बाई ताठली होती. ठीक आहे, मी म्हटलं, शिजू दे. मी दोन पावलं जास्त टाकली आणि पलीकडे पाठ करून उगाच बांगड्यांचा भाव विचारत उभी राहिले. थोड्या वेळाने वळून बघते तर विहीणबाई समोरून येतायत आणि त्यांच्या कापडी पिशवीतून सुरमईची शेपटी बाहेर आलेली.

पूर्ण भाव देऊन! माझ्याच बाजारात, माझ्याच पाठीमागे!

मासळीवाली तर उभी राहून आख्ख्या रांगेला ऐकवत होती, "वयनी, तुमच्या विहीणबाय बऱ्या हो! बोलल्या नाय, चालल्या नाय. सांगितला तो भाव दिलान आणि वर हसल्या!"

घरी आल्या आल्या मी मुलीला म्हटलं, "विचार तुझ्या सासूला, असं का केलं म्हणून." मुलीने विचारलं. विहीणबाई बराच वेळ बोलल्या. बोलता बोलता हात हलवले, मधे थांबल्या, मग माझ्या गालाला हात लावला. मुलगी ऐकून घेऊन मला म्हणाली, "त्या म्हणतायत, मासा छान होता."

"एवढं लांब बोलून मासा छान होता?"

"ग्रीकमध्ये लांबच असतं गं, आई."

मी धंदेवाली बाई आहे. हे गेले तेव्हा मुलगी दुसरीत होती. एसटी स्टँडच्या बाहेर टोपलीत आमसुलं आणि आंबापोळी घेऊन बसण्यापासून मी सुरुवात केली. आज गावाबाहेर कातळावर माझी शेड आहे आणि आठ बायका कामाला आहेत. समोरचा माणूस काहीतरी गिळून बोलतोय हे मला त्याच्या गळ्याकडे बघून कळतं. मुलीने त्या दिवशी काहीतरी गिळलं होतं. लग्न होतं म्हणून मी गप्प बसले.

त्यानंतर सात वर्षं त्या मासळीवालीने मला भाव उतरवून दिला नाही. मी चार पावलं चालले की हाक यायच्या ऐवजी मागून आवाज येतो, "विहीणबाय कशा हायत तुमच्या? कधी येतायत?" रांगेतल्या बाकीच्या बायका पदर तोंडाला लावतात. मी दुसरीकडून मासे घेऊन पाहिले. पण चांगली सुरमई तिच्याकडेच असते, हे तिलाही माहीत आहे.

या वर्षी थंडीत मुलीचा फोन आला. त्यांच्या ईस्टरच्या सुट्टीत सगळी येणार, सासूसुद्धा. म्हणजे ऐन आंब्यात. मी हिशेब घातला. तीन महिने हातात होते. मी ठरवलं, या वेळी मध्ये मुलगी नको. विहिणीला तिच्याच भाषेत विचारायचं आणि उत्तर तिच्याच तोंडून घ्यायचं.

नातू तिकडे पहिलीत होता. "त्याचं पहिलं पुस्तक झालं असेल तर मला पाठव," असं मी मुलीला सांगितलं. ती एकदम खूश झाली. "आई, तू त्याच्यासाठी शिकणार?" मी हो म्हटलं.

पुस्तक आलं. पहिल्या पानावर चोवीस अक्षरं. आमच्या बाराखडीच्या मानाने काहीच नाही, असं वाटून मी खूश झाले. तिसऱ्या दिवशी कळलं की ही मंडळी फसवतात कशी.

त्यांचं जे अक्षर इंग्रजी पीसारखं दिसतं, तो असतो र. लहान लिपीत व्हीसारखं दिसतं तो न. एनसारखं दिसतं ती ई. बीसारखं मोठं अक्षर बघून ब म्हणायला जावं तर तो व निघतो. डब्यात एक आणि लेबल दुसरं! असा माल मी काढला असता तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक माझ्या अंगावर फेकून गेलं असतं. बरं, मग ब कुठे आहे? ब नाहीच. ब पाहिजे असेल तर म आणि प शेजारी शेजारी उभे करायचे. आपल्यासारखा द पाहिजे तर न आणि त. एका कामाला दोन दोन माणसं.

आणि याच्या उलट ई. एका ईसाठी त्यांच्याकडे तीन वेगवेगळी अक्षरं आहेत, शिवाय दोन दोन अक्षरांच्या जोड्या आहेत, त्यांचाही उच्चार ईच. मी सगळ्या मोजल्या. आवाजात कणाचा फरक नाही. मी मुलीला फोन करून विचारलं, "मग ठेवलीत कशाला?"

"जुन्या काळी त्यांचे उच्चार वेगवेगळे होते गं. आता एक झाले."

"मग बाकीच्यांना काढून टाकायचं."

"आई, ती अक्षरं आहेत, कामगार नाहीत."

माझ्याकडे एक बाई आठ वर्षं नुसती बसून असते आणि तिलाही मी काढलेली नाही, त्यामुळे मी विषय बदलला.

प्रश्नचिन्ह म्हणून ते अर्धविराम वापरतात. यावर तर मी एक आख्खा दिवस चिडले होते. माणूस प्रश्न विचारतोय की दम खातोय हे कळायचं कसं?

शेडच्या भिंतीवर मी खडूने अक्षरं काढून ठेवली, म्हणजे फणसपोळ्या पाकिटात भरताना डोळ्यांसमोर राहतील. आमच्यातली सगळ्यात जुनी बाई दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वयनी, कोणी काय करणी केलीन काय आपल्यावर?"

वाचायला जमत होतं. बोलायचं कोणाशी? पुस्तकातून आवाज येत नाही. फोनवर ऐकून ऐकून मी म्हणायची, पण बरोबर आलं की चूक, हे सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा आमच्या काजूवाल्याने सांगितलं की खाडीपलीकडच्या गावात एक चाचा आहेत, त्यांनी ग्रीक मालकांच्या जहाजांवर सारा जन्म स्वयंपाक केला. मी रिक्षा केली आणि गेले.

चाचा सत्तरीचे, अंगणात जाळं विणत बसलेले. मी म्हटलं, "चाचा, ग्रीक शिकवाल? काय घ्याल?"

"पैसे नको, ताई. तुमची फणसपोळी ऐकलीय. रोज एक द्या."

"दिवसाआड एक."

त्यांनी जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही फुकटात पण भाव करता?"

"सवय आहे."

"मग रोज दोन," चाचा म्हणाले आणि जाळं विणायला लागले. शेवटी रोज एकीवर तुटलं. म्हणजे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तिथेच. हा माणूस मला पुढे अवघड जाणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

चाचांना ग्रीकचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण बोलायला लागले की वाटायचं, यांचा घसाच तिकडून आणलाय. त्या भाषेत एक ख आहे, तो घशाच्या मागच्या भिंतीला घासून काढावा लागतो, आणि एक ग आहे, तो नुसती गुळणी केल्यासारखा येतो. मला दोन्ही येईनात. चाचांना ते लहानपणापासून येत होते. "आमच्याकडे मौलवीसाहेब छडी घेऊन हेच शिकवायचे," ते म्हणाले. "मी जहाजावर गेलो तेव्हा हे दोन माझ्या खिशात होते."

माझं खरं भांडण झालं ते थ आणि त्याच्याच जातीचा मऊ द यांच्याशी. आमचा थ दातांवर आपटतो. त्यांचा थ आपटत नाही. जीभ दातांच्या मध्ये ठेवायची आणि हवा हळू सोडायची.

"जीभ बाहेर काढा, ताई."

"एवढी?"

"अजून वायच. डॉक्टरला दाखवता तशी नाय. चिडवता तशी."

मी आयुष्यात कोणाला जीभ काढून चिडवलेलं नव्हतं. चिडवायची वेळ आली की मी बोलते. चाचांच्या अंगणात, त्यांच्या सुना पडद्याआडून बघत असताना, मी रोज अर्धा तास जीभ काढून बसायची. हवा सोडली की थुंकी उडायची. हवा धरली की थ पुन्हा दगडासारखा पडायचा. चाचा म्हणायचे, "पडला. पुन्हा उचला."

जोर कुठे द्यायचा हा आणखी एक तिढा. प्रत्येक शब्दाच्या एका स्वरावर ते छोटी तिरकी रेघ देतात, तिथे आवाज उचलायचा. आपण मराठीत सगळं एका पातळीवर चालवतो आणि भांडताना सगळंच उचलतो. त्यांच्याकडे तोच शब्द सुरुवातीला उचलला तर "कधी" आणि शेवटाला उचलला तर "कधीच नाही". मी "कधी येणार?" असं विचारायची, आणि चाचा म्हणायचे, "बरं, नका येऊ."

चाचांची ग्रीक सगळी जहाजाच्या स्वयंपाकघरातली. कांदा, मीठ, पळी, पगार, आणि हुकूम. लेफ्ता म्हणजे पैसे, तो शब्द त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवला. देन म्हणजे नाही. "देन लेफ्ता नाय म्हणायचं, देन एखो लेफ्ता म्हणायचं. माझ्याकडे पैसे नाहीत. हे आम्ही बंदरात उतरताना आधी पाठ करायचो." डेकवरचा मुकादम रोज सकाळी ओरडायचा, "फोनाक्से तो मायिरा!" म्हणजे हाक मारा त्या स्वयंपाक्याला. चाचा ते इतक्या जोरात म्हणून दाखवायचे की शेजारच्या कोंबड्या उडायच्या.

कधी कधी बोलता बोलता ते एकदम थांबायचे.

"हा शब्द तुमच्या कामाचा नाय."

"का?"

"विहिणीसमोर बोलण्यासारखा नाय."

"मग तोच आधी सांगा."

त्यांनी सांगितला नाही. आणखी एक फणसपोळी देऊ केली, तरी नाही. मला त्यांचा राग आला आणि जरा आदरही वाटला.

एकदा त्यांनी घरातून एक गंजलेला पत्र्याचा डबा आणला. त्यात ते खिळे ठेवतात. पहिल्या जहाजावरून उतरले तेव्हा आणलेला, चाळीस वर्षांचा. "यावर काय लिहिलंय ते कधी कळलं नाय. आता तुम्हाला वाचता येतं." मी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. एलिएस. "ऑलिव्ह, चाचा. ऑलिव्हची फळं."

"एवढंच?" ते म्हणाले. "मला वाटायचं, बोटीचं नाव असेल." डबा परत ठेवून आले. जरा उतरले होते. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगायला हवं होतं. पण डब्यावर तेवढंच होतं.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. विहीणबाई मला फोनवर फुलांची चित्रं पाठवतात. सणाला, माझ्या वाढदिवसाला, कधी उगाचच. खाली त्यांच्या अक्षरात दोन शब्द असतात. सात वर्षं मी ते शब्द न बघता नमस्काराचे दोन हात पाठवत आले होते. ते सगळ्यांना पाठवायचं काहीतरी असेल, असं धरून. त्या दिवशी नवीन चित्र आलं आणि मी सवयीने अक्षरं जुळवायला लागले. स. मग त्या सगळ्या ईंपैकी एक. मग म आणि प शेजारी, म्हणजे ब. मग तो मेला थ. सिंबेथेरा. सिंबेथेरा मू. मू म्हणजे माझी, ते माहीत होतं.

मुलीला फोन केला. "सिंबेथेरा म्हणजे काय?"

"विहीण," ती म्हणाली. "का गं?"

मी फोन ठेवला. इंग्रजीत विहिणीला शब्द नाही, हे मला मुलीच्या लग्नात कळलं होतं. तेव्हा ओळख करून देताना मुलीच्या नवऱ्याची आई असं लांबलचक सांगावं लागत होतं. यांच्याकडे आहे. आणि ही बाई सात वर्षं मला 'माझ्या विहीणबाई' म्हणून पाठवत होती आणि मी बघितलंही नव्हतं. मला वाईट वाटलं. पण सुरमई ती सुरमई. मी माझं वाक्य पाठ करायला घेतलं. चाचांनी आणि मी मिळून ते जुळवलं होतं. याती तिस दोसाते ओसा झीतिसे? तिने मागितले तेवढे तिला का दिलेत? त्यात थ नव्हता. तेवढं मी मुद्दाम बघून घेतलं होतं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सगळी आली. विहीणबाईंचा उपास चालू होता. मी साबुदाणा भिजत घातला. मुलगी म्हणाली, "आई, त्यांना दूध चालत नाही, अंडं चालत नाही, पाठीला काटा असलेला मासा चालत नाही. शिंपल्यातल्या तिसऱ्या चालतात. कोळंबी चालते."

"उपासाला कोळंबी?"

"चालते."

मी साबुदाण्याकडे बघितलं. इतकी वर्षं आपण चुकीच्या धर्मात उपास केले, असं क्षणभर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी, जावई आणि नातू समुद्रावर गेले. विहीणबाई आणि मी पडवीत, मध्ये आंब्यांची टोपली. मी खुर्ची सरळ केली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि माझं वाक्य बोलले. सगळं. जोर जिथे पाहिजे तिथे.

त्यांच्या हातातला आंबा खाली आला. "मिलास एलिनिका!" म्हणजे तुम्ही ग्रीक बोलता! त्यांनी टाळी वाजवली, माझे दोन्ही हात धरले आणि नंतर जे काही सुरू झालं त्यात मला फक्त वारा ऐकू आला. शब्द येतायत कुठून, जातायत कुठे, काही कळेना. तीन महिने केलेलं सगळं पाण्यात. मला असा संताप आला की मी आत जाऊन फणसपोळीच्या वेष्टनाचा एक कागद आणि पेन आणलं, कागद उलटा करून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि मराठीत म्हटलं, "लिहा."

त्यांना कळलं. त्यांनी पेन उचललं. लिहिलं ते मोठ्या, सुट्या अक्षरांत, नातवासाठी लिहावं तसं. तीन ओळी.

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागले. इ माना मू देन ईखे लेफ्ता. माना, आई. मू, माझी. देन, नाही. लेफ्ता. माझ्या आईकडे पैसे नव्हते.

दुसरी ओळ एका शब्दाची होती. एफेव्ये. हा शब्द चाचांचा होता, बंदरातून बोट निघायची तेव्हाचा. निघून जायची.

तिसरी ओळ. कानीस देन ति फोनाझे. फोनाझेपाशी मी अडकले. मग कोंबड्या आठवल्या. फोनाक्से तो मायिरा. हाक मारा. कोणीच तिला हाक मारायचं नाही.

मी वाचताना विहीणबाई माझ्या बोटाकडे बघत होत्या, चुकलं तर सांगू म्हणून. चुकलं नाही.

मग त्यांनी हातवारे करून बाकीचं सांगितलं, आणि या वेळी मला कळलं. बाजार. आई पुढे, ही छोटी मागे. आई भाव विचारणार, ऐकणार, मान खाली घालून चालू लागणार. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मिरकरवाड्याच्या बाजारात मी पदर सारखा करून चालू लागले होते, तशी.

मी टोपली घेऊन स्टँडबाहेर बसायची तेव्हा माणसं भाव विचारून निघून जायची. मी हाक मारायची. एसटीचा भोंगा वाजत असला तरी त्याच्यावर आवाज काढून मारायची. मला तेव्हा वाटायचं की ही माणसं भावासाठी चालतायत. त्यांच्यातली काही पैसे नसल्यामुळे चालत असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

हे सगळं मनात आलं आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली. या बाईला वाटलं होतं की माझ्याकडे सुरमईला पैसे नाहीत! मुलीचं लग्न काढलंय आणि पाहुण्यांना मासा घालायची ऐपत नाही! आठ बायका कामाला असलेली मी!

"एखो लेफ्ता!" मी ओरडले. माझ्याकडे आहेत पैसे! "एखो! एखो!" चाचांचा घशातला ख या वेळी पुरेपूर आला. विहीणबाई घाबरून मागे सरकल्या. मग मी उठून दाखवलं. चार पावलं. पहिलं रागाचं, दुसरं त्याहून रागाचं. "थेआत्रो," मी म्हटलं. नाटक, हो, नाटक! माझा थ धपकन पडला आणि त्यांना तो शब्द कळलाच नाही. पण पावलं कळली असावीत, कारण त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या.

हे एवढ्यावर सोडणं मला शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना मिरकरवाड्याला घेऊन गेले, त्याच मासळीवालीकडे. तिने लांबूनच बघितलं आणि ती उठून उभी राहिली. "आल्या, आल्या! माझ्या विहीणबाय आल्या!"

"तुझ्या नव्हेत, माझ्या," मी म्हटलं. "तिसऱ्या दाखव."

तिने तिसऱ्यांचा वाटा पुढे सरकवला आणि भाव सांगितला. मी विहीणबाईंना बोटांवर निम्मा दाखवला. त्यांनी तोच बोटांवर मासळीवालीला दाखवला. मासळीवालीने कपाळावर हात मारला, आणि त्यांचं ग्रीसमधलं माहेर हाती लागेना म्हणून माझंच राजापूरचं काढलं. विहीणबाईंनी हनुवटी वर उडवून जिभेने च् केलं. त्यांच्याकडे नाही म्हणायची ती रीत आहे, मान हलवत नाहीत. मासळीवालीला तो माज वाटला. छान चाललं होतं. मी खूण केली, चला.

त्या चालू लागल्या. मी जागेवर थांबले, कारण मासळीवालीची बाजू बघायची होती. मासळीवाली मुद्दाम खाली बघून तिसऱ्यांवर पाणी मारायला लागली. चौथ्याला ती हाक मारणार, हे मला तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. चाळीस वर्षं बघतेय मी तिला. एक पाऊल. दोन. काळा झगा, कापडी पिशवी, पिशवी रिकामी. पाठ जरा वाकलेली, ती सात वर्षांपूर्वी नव्हती. तिसरं पाऊल हळू टाकायचं, हे मी शिकवलं होतं, पण त्यांनी ते मी शिकवलं होतं त्याहून हळू टाकलं.

"सिंबेथेरा!" मी ओरडले.

रांगेतल्या सगळ्या बायकांनी वर बघितलं. विहीणबाई वळल्या. माझा थ हवेतून सरळ त्यांच्यापर्यंत गेला होता, कुठे आपटला नव्हता, थुंकी उडाली नव्हती. तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि चाचा ऐकायला नव्हते.

मासळीवाली हातातला तांब्या तसाच धरून म्हणाली, "वयनी, काय केलंत हे? मी मारणारच होते हाक!"

"मग मार."

"आता कशाला मारू? आता तुमीच बोलावलंत." आणि तिने वाटा पिशवीत ओतला. "भाव तोच."

तोच भाव दिला. विहीणबाई द्यायला निघाल्या होत्या, तो त्यांचा हात मी बाजूला केला. वर चार तिसऱ्या जास्त मागून घेतल्या, तेवढ्या तिने दिल्या. गाडीकडे जाताना मागून तिचा आवाज येत होता, शेजारणीला सांगत होती, "सांगितला तो भाव देणाऱ्या आता दोघी झाल्या!"

दुपारी तिसऱ्यांचं सुकं केलं. विहीणबाईंनी उपासाला दोनदा वाढून घेतलं. जावयाने भाताला नाही म्हणून हनुवटी उडवली, ती खूण मी आता ओळखते, तरी वाढला. सगळ्यांची पानं झाल्यावर मी कपाटातून तो फणसपोळीचा कागद काढला आणि मुलीसमोर ठेवला.

तिने वाचला. तिला जुळवावा लागला नाही. मग सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, लग्नाला चार दिवस होते. तुला सांगितलं असतं तर तू..."

"मी काय?"

तिने कागद पुन्हा हातात घेतला.

"ग्रीकमध्ये लांबच असतं ना गं?" मी म्हटलं. "मोज. तीन ओळी आहेत."